धर्मानंद कोसंबी : श्रद्धेची चिकित्सा आणि तिचे मोल

मराठी मुलखातील विचारस्वातंत्र्याचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे लेखणी बहुधा एकाच मळलेल्या वाटेने जाते. मुंबईत इंग्रजी विद्येची स्थापना झाली, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, लोकहितवादींनी शतपत्रे लिहिली, १८४९ साली परमहंस सभा गुप्तपणे भरू लागली, जोतीरावांनी टॉमस पेन वाचला, आगरकरांनी मिल्ल आणि स्पेन्सर पचवून १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला, अशी ही मालिका आहे. आम्हीही गेली पंचवीस-तीस वर्षे वर्गात ती अशीच सांगत आलो. तिचा मथितार्थ असा की, बाळपणी मिळालेल्या धर्मसमजुती तपासून पाहण्याचे धैर्य आपल्या लोकांस इंग्रजी शाळेच्या बाकावर बसून आले. जेथे इंग्रजी शाळा नव्हती तेथे ते आले नाही.

हा इतिहास खोटा नाही, अपुरा आहे. तो किती अपुरा आहे हे ज्या एका माणसाच्या चरित्रावरून आमच्या ध्यानी आले, त्याच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. हा गृहस्थ इंग्रजी शाळेत शिकलेला नव्हता. मुंबई-पुण्याच्या सभा-संमेलनांची हवा त्यास लागलेली नव्हती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील एका खेड्यात माडांची बागाईत सांभाळीत असता मराठी मुलांच्या एका मासिकातील एक चरित्र त्याच्या वाचनात आले, आणि तेवढ्या कारणाने त्याचे सारे आयुष्य उलटेपालटे झाले. धर्मानंद दामोदर कोसंबी हे ते नाव. ग्वाल्हेर, बडोदे या आपल्या केंद्रांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला होता, म्हणून या पत्रिकेच्या वाचकांस हा विषय परका वाटू नये.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळ या गावी झाला. ज्यास ते गाव ठाऊक नाही त्याने एवढे ध्यानात घ्यावे की, ते झुआरी नदीच्या दक्षिण तीरावर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सासष्टी प्रांतातील देवळे पाडली गेली तेव्हा तेथील लोकांनी आपला श्रीलक्ष्मीनृसिंह नदीपार फोंड्याच्या मुलखात, वेलिंग येथे नेला. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून तेथे देवास आसरा मिळाला. आजही तो तेथेच आहे. साखवाळला मागे राहिले ते चर्चचे गाव. आणि त्या चर्चचीही १८३४ च्या आगीनंतर केवळ दर्शनी भिंत उभी आहे.

हा तपशील आम्ही केवळ स्थळवर्णनासाठी दिलेला नाही. गोव्यातील हिंदू कुटुंबाची श्रद्धा ही घाटावरील कुटुंबाच्या श्रद्धेहून एका बाबतीत निराळी आहे. येथे देव वाडवडिलांनी नुसता पुजला नाही. रात्री-अपरात्री होडीत घालून वाचविला. घरात दिवेलागणीस जे म्हटले जाई, सणाच्या दिवशी नदी ओलांडून ज्याच्या दर्शनास जावयाचे, त्या सर्वांच्या पाठीशी परागंदा होण्याची आठवण होती. अशा घरातील मुलाने ‘हे सारे खरे कशावरून?’ असा प्रश्न मनात आणला तर तो प्रश्न देवास विचारल्यासारखा होत नाही; ज्यांनी देवासाठी घरदार सोडले त्या पूर्वजांस विचारल्यासारखा होतो. पुण्याच्या वाड्यात आगरकरांवर जे प्रहार झाले, त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, ते दुःख मोठेच; पण ते बाहेरून आलेले दुःख होते. साखवाळच्या मुलाचे दुःख आतले होते, आणि ते सोसताना त्याच्या बाजूने बोलणारे एकही वर्तमानपत्र नव्हते.

आमचे स्वतःचे बाळपणही गोव्यातीलच, म्हणून या गोष्टीची थोडी कल्पना आम्हांस आहे. आमच्या गावच्या देवीस पाकळ्यांचा कौल लावतात. गुरव किंवा भटजी मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवितात, प्रश्न सांगतात, आणि उजवीकडील पाकळी आधी पडली की देवीचा होकार समजावयाचा. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना गाभाऱ्याबाहेर नवा विजेचा पंखा बसला. वाऱ्याच्या झोताने पाकळ्या भराभर पडू लागल्या, तेव्हा ‘आता देवी लवकर उत्तरे देते’ असे आम्ही आजीस म्हणालो. आम्ही ते थट्टेने म्हटले नव्हते; आम्हांस खरोखरच तसे वाटले होते. आजीने आमच्याकडे काही क्षण पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून कौलाच्या वेळी पंखा बंद होऊ लागला. आम्हांस कोणी रागावले नाही. तथापि पंखा बंद करावा लागतो ही गोष्ट आमच्या मनातून पुन्हा कधी गेली नाही. असो.

कोसंबींचे शालेय शिक्षण म्हणजे गावच्या मराठी शाळेतील काही वर्षे एवढेच. घरात कोंकणी आणि पोथीत व पुस्तकात मराठी, ही त्या काळच्या गोव्यातील रीत होती. १८९१ साली, पंधरा वर्षांचे होण्याच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. प्रपंच आणि बागाईत यांत मन रमत नव्हते, तुकोबांच्या चरित्राने व अभंगांनी ते ओढले गेले होते. येथवर सारे मराठी भक्तिमार्गाच्या नेहमीच्या चालीने चालले होते. असे उदास तरुण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झाले. कोणी वारीस जाऊ लागला, कोणी बैरागी झाला, बहुतेक पुन्हा बागेकडे वळले.

१८९७ साली ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली सुरू केलेले हे मासिक मुलांसाठी होते. सोपे मराठी, एखादे थोर पुरुषाचे चरित्र, काही शास्त्रीय माहिती, काही कविता असा त्याचा साधा थाट असे. ओकांस कोणाची श्रद्धा मोडावयाची नव्हती. मुलांस चांगले वळण लागावे एवढाच त्यांचा हेतू. त्या अंकात बुद्धाचे चरित्र होते. वीस-एकवीस वर्षांच्या कोसंबींनी ते वाचले आणि त्यानंतर बुद्धाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना.

मुलांसाठी लिहिलेल्या लहानशा चरित्राने एवढे कसे घडले, याचा विचार आम्ही शिक्षकाच्या नात्याने पुष्कळ केला आहे. आम्हांस असे वाटते की, त्या चरित्रात कोसंबींस नवा देव सापडला नाही; देवाची मध्यस्थी न घेता दुःखाचा विचार करणारा मनुष्य सापडला. पुराणांनी बुद्धास विष्णूचा नववा अवतार करून टाकले होते आणि पंचांगाच्या मुखपृष्ठावर तो हात जोडून गप्प बसलेला असे. तोच मनुष्य घर सोडतो, गुरू करतो, गुरूची शिकवण अपुरी वाटताच त्यास नम्रपणे सोडतो, देह झिजवतो, तोही मार्ग चुकला असे दिसताच कोणाची पर्वा न करता अन्न घेतो, ही कथा साखवाळच्या तरुणास विलक्षण वाटली असल्यास नवल नाही. चुकले तर सोडून द्यावे, ही मुभा ज्या धर्मपुरुषाने स्वतः घेतली असा दुसरा त्याच्या परिचयाचा नव्हता.

बुद्धधर्म कोठे जिवंत आहे, त्याचे ग्रंथ कोठे मिळतात, हे सांगणारे गावात कोणी नव्हते. संस्कृत आल्यावाचून गत्यंतर नाही एवढे त्यांनी ताडले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी, माणिक, झाली होती. बाळाबाई तान्ह्या मुलीसह मागे राहिल्या. या गोष्टीकडे आम्ही पुढे वळणार आहोत. चरित्रकारांनी ती एका वाक्यात उरकावी अशी ती नाही.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. प्रार्थनासमाजाच्या मंडळींचा आश्रय मिळाला. येथे एक प्रश्न सहज उत्पन्न होतो. भांडारकर मूर्तिपूजा सोडलेले, एकेश्वरी, उदार मताचे. प्रार्थनासमाजाचे ते एक स्तंभ. कोसंबी त्यांच्याजवळच का थांबले नाहीत? तयार असलेली उदारमतवादी चौकट त्यांस सोयीची झाली असती. पण सोय हा कोसंबींचा स्वभाव नव्हता. दुसऱ्याने तपासून ठेवलेले मत, मग ते कितीही सुधारलेले असो, त्यांना उसने वाटे. ते ग्वाल्हेरला गेले, तेथे काही काळ राहून काशीस पोचले. काशीत छत्रात जेवून त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले. छत्रातील पंगतीत आधी जातीची चौकशी आणि मग पान, असा शिरस्ता. बुद्धाच्या शोधास निघालेल्या माणसास पोट भरण्यासाठी रोज आपले ब्राह्मण्य सांगावे लागे. त्याने ते सांगितले. जगण्यासाठी केलेल्या अशा तडजोडीबद्दल आम्ही त्यास दोष देणार नाही; ज्याने कधी फुकटच्या अन्नावर विद्या केली नाही त्याने तर तो देऊच नये.

१९०२ च्या आरंभी ते नेपाळात गेले. तेथे बुद्धधर्म नांदतो असे ऐकले होते. पाहिले ते कर्मकांड आणि अनास्था. तेथून ते बोधगयेस व कलकत्त्यास आले, आणि सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकू लागले. त्याच वर्षी त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले, ध्यानाभ्यास केला. आणि १९०६ साली भिक्षूचे चीवर उतरवून पुन्हा गृहस्थ झाले.

ही शेवटची गोष्ट आम्हांस पहिल्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. बाळपणचा धर्म सोडून दुसऱ्या धर्मात गेलेले लोक आपल्याकडे झाले आहेत. बेळगावचे बाबा पदमनजी हे त्यांतील एक तेजस्वी नाव. १८३१ साली जन्मलेला हा कासार कुळातील मुलगा, परमहंस सभेतून जाऊन, १८५४ साली बेळगाव येथे ख्रिस्ती झाला, आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहून त्याने आपल्या मनाचा प्रवास मराठीत नोंदवून ठेवला. त्या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल मोठे आहे. परंतु पदमनजींचा प्रवास एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरल्यावर संपतो; पुढे सारी निश्चिती आहे. कोसंबींचा तसा संपला नाही. ज्या धर्मासाठी घर सोडले त्याचे चीवरही त्यांनी अंगावर कायमचे ठेवले नाही. संघाबाहेर राहून, महाराष्ट्रात परतून, आपल्या लोकांस आपल्या भाषेत हे ज्ञान द्यावे असे त्यांस वाटू लागले होते.

कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. तेथे चांगल्या पगाराची जागा होती. इतक्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला: दरमहा ५० रुपये, आणि अट एवढीच की महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे. कोसंबींनी कलकत्त्याची जागा सोडून हे ५० रुपये पत्करले. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली सिद्ध झाले. बडोद्याने मराठी विद्येस काय दिले याचा हिशेब करताना आपण कोश आणि ग्रंथमाला मोजतो. हे ५० रुपयेही त्यात मोजावेत. भांडारकरांच्या साह्याने मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश झाला. १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबी ती शिकवू लागले. पुढे नावारूपास आलेले पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्यांच्या अमेरिकेच्या चार वाऱ्या, हार्वर्ड येथील ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन, गुजरात विद्यापीठ, १९२९ ची लेनिनग्राडची यात्रा, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातील तुरुंगवास, १९३७ साली परळ येथे श्रमिकांच्या वस्तीत उभारलेला बहुजन विहार, या सर्वांची नोंद अन्यत्र पुष्कळ झाली आहे. आम्ही ती येथे वाढवीत नाही.

आमचे लक्ष आहे ते ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाकडे. त्याचे दोन भाग १९४० व १९४१ साली निघाले. पुढे साहित्य अकादमीने तो अनेक भारतीय भाषांत नेला. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या अभ्यासानंतर, वयाच्या पासष्टीत, कोसंबी पुन्हा त्याच चरित्राकडे वळले जे ‘बालबोधा’त वाचून ते घराबाहेर पडले होते. आणि त्या चरित्राचीच त्यांनी चिकित्सा केली.

सर्वांस ठाऊक असलेली कथा अशी. राजपुत्र गौतमास सुखात वाढविले होते; एके दिवशी त्याने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी असे चार देखावे पाहिले; विरक्ती उत्पन्न झाली; मध्यरात्री निजलेली पत्नी आणि तान्हा राहुल यांच्याकडे एकदा पाहून, घोड्यावर बसून तो निघून गेला. चित्रकारांनी हा प्रसंग शेकडो वेळा काढला आहे, आमच्या शाळेच्या दिवाणखान्यातही त्याची तसबीर आहे. कोसंबींनी दाखवून दिले की, जुन्या सुत्तांत ही कथा गौतमाची म्हणून येत नाही. चार देखाव्यांची कथा ‘महापदानसुत्ता’त विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे, तीच मागाहून गौतमास चिकटली. आणि गृहत्यागाविषयी ‘अरियपरियेसनसुत्ता’त बुद्ध स्वतः जे सांगतो त्याचा आशय असा आहे की, आपण तरुण असताना, आईबाप नको म्हणत असता व त्यांच्या डोळ्यांत अश्रू असता, केस-दाढी काढून व काषाय वस्त्रे घालून घर सोडले. म्हणजे मध्यरात्र नाही, निजलेली माणसे नाहीत, गुपचूप जाणे नाही. घरच्यांस सांगून, त्यांचे रडणे समोर पाहून तो गेला.

हा शोध विद्वानांच्या दृष्टीने पाठचिकित्सेचा एक नमुना असेल. कोसंबींच्या दृष्टीने तो काय असेल? जो पुरुष स्वतः १८९९ साली तान्ही मुलगी मागे ठेवून निघाला, ज्याच्यापुढे तेव्हा मध्यरात्रीच्या त्या कथेचाच आदर्श होता, त्याने म्हातारपणी प्रामाणिकपणे लिहून ठेवावे की तो आदर्श मूळ ग्रंथांत नाही! स्वतःच्या आयुष्यास ज्याने आधार दिला तो पुरावा स्वतःच काढून टाकणे ही गोष्ट सोपी नव्हे. बाळपणची श्रद्धा तपासणे कठीण खरे. पण तारुण्यात जी श्रद्धा आपण स्वतः निवडून घेतली, जिच्यासाठी दुसऱ्यांनी किंमत दिली, ती तपासणे त्याहून कठीण आहे. आमच्या वाचनात असे उदाहरण दुसरे नाही.

मग गौतमाने घर का सोडले? कोसंबींचे उत्तर असे की, शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. शस्त्राने तंटा मिटत नाही असे गौतमास वाटले. त्या उद्वेगातून तो बाहेर पडला. याकरिता ते ‘सुत्तनिपाता’तील ‘अत्तदंडसुत्ता’चा आधार देतात. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचा तंटा आहे. येथे मात्र आम्ही कोसंबींशी पूर्णपणे सहमत नाही. त्या सुत्तात, थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी एकमेकांविरुद्ध उठलेली माणसे पाहून भय वाटले, एवढा आशय आहे. रोहिणीचे नाव तेथे नाही. रोहिणीच्या पाण्याची कथा अट्ठकथेत येते आणि तीत बुद्ध तंटा मिटविण्यास येतो, म्हणजे ती बुद्धत्वप्राप्तीनंतरची आहे. तेव्हा कोसंबींचे अनुमान सुंदर आहे, त्या महायुद्धाच्या काळात लिहिणाऱ्या सत्याग्रह्यास ते सुचणे स्वाभाविकही आहे, परंतु सुत्तावर ते अधिक भार घालते. कोसंबींनी जो निकष अश्वघोषास लावला तोच आम्ही कोसंबींस लावला तर ते रागावले नसते असा आमचा विश्वास आहे.

याच ग्रंथात बुद्ध मांसाहार करीत असे, आणि त्या काळचे जैन श्रमणही करीत, असे त्यांनी आधार देऊन लिहिले. त्यावरून जैन समाजात मोठा क्षोभ उसळला. विधान मागे घ्यावे असा आग्रह झाला. कोसंबी स्वतः अहिंसेचे उपासक. जैन परंपरेविषयी त्यांचा आदर इतका की पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. तरीही विधान त्यांनी मागे घेतले नाही. पुरावा चुकीचा आहे असे दाखवा, एवढीच त्यांची भूमिका. आवडत्या माणसांविषयी अप्रिय सत्य सांगण्याची वेळ येते तेव्हा विचारस्वातंत्र्याची खरी कसोटी लागते. नावडत्यांविषयी कोणीही निर्भीड होतो.

आता बाळाबाईंकडे वळू. कोसंबी सात वर्षांनी परतले. १९०७ साली मुलगा झाला. तेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले दामोदर. नंतर मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या. १९१८ साली अमेरिकेस जाताना कोसंबींनी माणिक व दामोदर यांस बरोबर नेले; माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाली. तान्हेपणी बाप सोडून गेलेली मुलगी १९२२ साली हार्वर्डच्या परिसरात पदवी घेते, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण बाळाबाई त्या वेळी धाकट्या मुलींसह हिंदुस्थानातच होत्या. १९२४ साली प्रसिद्ध झालेले ‘निवेदन’ हे आत्मचरित्र कोसंबींचे आहे. त्यात बाळाबाई येतात त्या कोसंबींच्या लेखणीने. सात वर्षे सासरच्या घरात, नवरा कोठे आहे, जिवंत आहे की नाही, हे गावास सांगत त्यांनी कसे काढले, त्यांच्या देवघरात तेव्हा कोणाची पूजा होती, त्यांनी देवास कौल लावला असेल तर प्रश्न कोणता विचारला, हे लिहिणारा कोणी झाला नाही. आपल्या विचारस्वातंत्र्याच्या इतिहासात अशी कोरी पाने पुष्कळ आहेत. परमहंस सभेच्या गुप्त बैठकांत पाव खाऊन जातिभेद मोडणारे पुरुष रात्री ज्या स्वयंपाकघरात परतत, तेथील स्त्रियांचेही एकही पान आपल्यापाशी नाही.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, ती आमच्या लज्जेची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या वर्गावर बुद्धचरित्र शिकवीत होतो. मध्यरात्रीचा प्रसंग आम्ही नेहमीप्रमाणे रंगवून सांगितला. तोच मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्या वाड्यावरचा एक माणूस असाच रात्री बायको-मुलाला टाकून गेला. त्याला सगळे शिव्या देतात. मग बुद्धाला का नाही देत?” वर्ग हसला. आम्ही तिला खाली बसण्यास सांगितले, थोरांच्या चरित्रात असले प्रश्न काढू नयेत असे बजावले, आणि पुढील परिच्छेदाकडे वळलो. ती उद्धट नव्हती. पुढे चौकशी करता कळले की, तो वाड्यावरचा माणूस तिचा बापच होता.

त्या प्रश्नाने आमची पुष्कळ दिवस पाठ सोडली नाही. शाळेच्या कपाटातील ‘भगवान बुद्ध’ आम्ही तेव्हा प्रथम शेवटपर्यंत वाचला. आधी केवळ चाळला होता, हे कबूल करावयास हवे. जो प्रश्न विचारणे आम्ही एका मुलीस मना केले होते तोच प्रश्न कोसंबींनी विचारून, ग्रंथ धुंडाळून त्याचे उत्तरही लिहून ठेवले होते, आणि तो ग्रंथ त्या वर्गापासून वीस पावलांवर होता! पाली वाङ्मयात कालामांची एक प्रसिद्ध कथा आहे. केसपुत्त गावचे लोक बुद्धास म्हणतात की, येथे येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? बुद्ध त्यांच्या शंकेस योग्य म्हणतो. परंपरा, ग्रंथ किंवा गुरू यांच्या भिडेने काही मानू नका, एखाद्या शिकवणीने लोभ-द्वेष वाढतात की घटतात हे स्वतः पाहा, अशा आशयाचे तो सांगतो. शिक्षक म्हणून आम्ही हे सुत्त भाषणांत अनेकदा वापरले होते. वर्गात एका मुलीने ते आचरले तेव्हा आम्ही तिला खाली बसविले.

कोसंबींचा अंतही त्यांच्या स्वभावास धरूनच झाला. देह थकला, आता तो इतरांवर भार होईल असे वाटून त्यांनी अन्न कमी करीत देह ठेवण्याचा निश्चय केला. गांधीजींनी एकदा त्यांस त्यापासून परावृत्त केले होते. अखेर ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले. या मरणाविषयी आमच्या मनाचा निर्णय झालेला नाही. त्यात जैन सल्लेखनेची छाया आहे, आणि देहदंडन सोडून अन्न घेणाऱ्या ज्या बुद्धाने त्यांस तरुणपणी ओढून घेतले, त्याच्यापासून ती एक पाऊल दूर आहे असे आम्हांस वाटते. कोसंबींनी तोही निर्णय कोणाच्या ग्रंथास न विचारता घेतला असावा, असे म्हणून आम्ही येथे थांबतो.

ती मुलगी शाळा सोडून गेली, महाविद्यालयातही शिकली. गेल्या चतुर्थीच्या आधी बाजारात माटोळीचे सामान घेताना तिची गाठ पडली. तिने नमस्कार केला. आम्ही रस्त्यातच उभे राहून तिला अरियपरियेसनसुत्ताची हकीकत सांगितली. गौतम सांगून गेला होता, आईबाप रडत असता गेला होता, तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकले होते, असे म्हणालो. ती थोडी गोंधळली. तिला तो तास आठवत होता. मग आम्ही साखवाळच्या कोसंबींविषयी सांगू लागलो, तेव्हा मध्येच तिने विचारले, “आणि त्यांनी बायकोला सांगितलं होतं का, सर?”

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘निवेदना’ची शाळेतील प्रत शिपायाबरोबर तिच्या घरी पाठविली.